डॉक्टरांनी बसवलेला काटा

डॉक्टरांना डॉक्टर केलं ते गल्लीने. एरवी ते आपल्या जुन्या पिकअपमधून कपाटं नि पलंग पोचवायचे. पण कुणाची गाडी कुरकुरली की बोनेटपाशी मान तिरकी करून उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि "बेल्ट" किंवा "बेअरिंग" एवढंच बोलायचे. फी घेत नसत, मान मात्र पुरेपूर वसूल करत.

गेलं वर्षभर डोळे मिटले तरी कानात फारसं काही शिरत नव्हतं. डावा कान तर जवळजवळ संपावरच होता. हे बाहेर फुटलं असतं तर डॉक्टरकी बुडाली असती. म्हणून हल्ली ते बोनेटवर तळहात ठेवून निदान करत. लोकांना वाटे, विद्या वाढली.

स्वतःची गाडी चालवताना मात्र पंचाईत. हात स्टिअरिंगवर, आणि गिअर कधी बदलायचा हे इंजिनाच्या आवाजावरून ठरायचं. शेवटी त्यांनी भंगारवाल्याकडून टॅकोमीटर आणला. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय, हे दाखवणारा काटा. गाडीच्याच कंपनीचा, पण वरच्या मॉडेलमधला. डॉक्टरांच्या साध्या मॉडेलला त्या जागी नुसतं काळं गोल झाकण होतं.

"हे कशाला आता?" बायकोने विचारलं.

"शोभेला."

"दार दोरीने बांधलंय आणि शोभा काट्याची."

हे डॉक्टरांना ऐकू आलं. सोयीचं नसलेलं बरंचसं त्यांना अजून ऐकू यायचं.

मेव्हणा गाड्यांचा इलेक्ट्रिशियन, दोन घरं सोडून राहणारा. पण त्याला बोलावलं की तो कारण विचारणार. म्हणून रविवारी सकाळी डॉक्टर एकटेच डॅशबोर्डखाली पाठीवर झोपले. झाकण काढलं, मीटर बसवलं. ते अगदी घरच्यासारखं बसलं. एक वायर इग्निशन कॉइलला, एक अर्थिंगला, एक दिव्याला. चावी फिरवली तसा काटा उठला आणि साडेपाचशेच्या जरा अलीकडे थांबला.

गाडी उभी असताना आठशे फेरे हवेत, हे डॉक्टरांना पाठ. एवढे कमी? त्यांनी कार्बोरेटरचा स्क्रू पिळायला घेतला. पिळला, काटा बघितला, पुन्हा पिळला. काटा बरोबर आठशेवर आला. डॉक्टर सीटवर बसून त्याच्याकडे कौतुकाने बघत राहिले.

समोरच्या घराच्या खिडक्या एकामागून एक बंद झाल्या. बायको ओल्या हातांनी बाहेर आली आणि काहीतरी म्हणाली.

"हो, छान बसलाय," डॉक्टर म्हणाले.

तिने खिडकीतून हात घालून चावीच बंद केली. "मी विचारलं, गाडी का किंचाळतेय?"

तेवढ्यात मेव्हणाही आला. "भाऊजी, विमान घेतलंत की काय? माझ्या घरात भांडी हलतायत." मग त्याने काचेवर नाक टेकवून मीटर बघितलं आणि हसायलाच लागला. "हे सहा सिलिंडरच्या गाडीचं आहे. तुमची चारची. इंजिन बाराशेवर असलं तरी हे आठशेच म्हणणार. पण तुमच्यासारखा कान असताना..."

त्याने बहिणीकडे बघितलं. बायकोने पदराला हात पुसायला घेतले आणि पुसतच राहिली. ऐकण्यातला घोळ तिच्याही लक्षात आला होता, हे डॉक्टरांना त्या पुसण्यावरूनच कळलं.

"कान गेलाय रे," डॉक्टर म्हणाले. "वर्ष झालं."

"मला वाटलं, तुम्हाला माझंच ऐकू येत नाही," बायको म्हणाली. "लग्नाला तेवीस वर्षं झाली की होतं, म्हणून गप्प बसले."

मेव्हण्याने हसू आवरलं, गाडी पुन्हा सुरू केली आणि स्क्रू ड्रायव्हर डॉक्टरांच्या हातात दिला. बायको बोनेटपाशी कान देऊन उभी राहिली. डॉक्टर पिळत गेले, ती तळहात खाली-खाली दाबत गेली. एका जागी तिने मूठ मिटली.

काटा पुन्हा साडेपाचशेच्या अलीकडे. डॉक्टरांनी तिच्याकडून नखांचं लाल पॉलिश मागून घेतलं आणि मीटरच्या काचेवर तिथेच एक बारीक रेघ ओढली.

"उद्या कानाच्या दवाखान्यात जायचं," बायको मागून म्हणाली.

"काय म्हणालीस?" डॉक्टरांनी विचारलं. या वेळी मात्र त्यांना शब्दन्‌शब्द ऐकू आला होता.