कोंडीतले खडस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून दुसरं काही लपवल्याचं मला तरी आठवत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमत असेल.

रत्नागिरीच्या आतल्या अंगाला, नदीकाठी आमची वाडी. देवळाखाली नदीत खोल डोह आहे. त्याला आम्ही कोंड म्हणतो. उन्हाळ्यात नदी आटते, कोंड आटत नाही. तिच्यात खडस मासे — हातभर लांब, देवाचे म्हणून कुणी धरत नसे. खालच्या गावांनी सुरुंग उडवून नदी रिकामी केली होती. वरच्या ओढ्यांतले थोडे सोडले, तर साऱ्या नदीत खडस उरले होते ते एवढेच.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास काठावर बेशरमची झाडी माजली. गुरं तिला तोंड लावत नाहीत, तोडलेली फांदी पडेल तिथे रुजते. पाण्यात उतरायची वाटही उरली नाही. देवळात बैठक झाली. ठरलं — घरटी एक माणूस, हाताने, मुळासकट. गुरवकाका माझ्याकडे बघून म्हणाले, "भाऊ, तुमचा पंप इकडे आणायचा नाय हां." फवारणीचा पंप वाडीत माझ्या एकट्याकडे होता. मी बरं म्हणालो.

माघ चालू होता. आंब्याची कलमं मोहरली होती, माझा जीव तिकडे. दोन दिवस बेशरम उपटली, हाताला फोड आले. तिसऱ्या दिवशी भर दुपारी काठावर कुणी नव्हतं — कुणाला कळणार होतं? पंपाच्या तळाशी सकाळचं, मोहरावरच्या तुडतुड्यांचं औषध होतं. त्यावरच तणनाशक ओतलं आणि माझ्या वाट्याचा काठ फवारून टाकला. आणि मग — उरलेलं कोंडीत ओतून दिलं. पंप तिथेच खळखळून धुतला.

सकाळी पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती. किती, ते मी मोजलं नाही. बायका काठावर उभ्या राहून रडत होत्या. बेशरम पिवळी पडायच्या आत मी ती उपटून जाळली. घाईघाईने. लोकांना वाटलं, भाऊ किती राबतोय!

संशय गेला वाडीतल्याच तुकारामवर. तो खालच्या नदीत झाडाची साल ठेचून टाकायचा, गुंगलेले मासे धरायचा. कोंडीला त्याने कधी हात लावला नव्हता, पण कोण ऐकतो? त्या शिमग्याला त्याच्या खांद्याला पालखी लागू दिली नाही. पालखी नाचवण्यात त्याच्यासारखा दुसरा माणूस नव्हता.

तो माझ्या अंगणात आला. "भाऊनू, तुमी तरी सांगा त्यांना. देवाच्या कोंडीत मी असला उद्योग करीन काय?"

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "थोडा दम धर. निवळेल सगळं."

निवळायला सहा शिमगे लागले.

त्यानंतर माझी झोप उडाली, असं लिहिता आलं असतं तर बरं दिसलं असतं. पण खोटं कशाला बोलू? मी सुखात राहिलो. कलमं धरली, मुलं शिकली, मुलगी चांगल्या घरी पडली. दर वर्षी काठावरची बेशरम मी हाताने उपटली, आणि बहुतेक वेळा माझ्या शेजारी तुकारामच असायचा. फांद्या जमिनीवर टाकू नयेत, वरच्या कातळावर नेऊन वाळवाव्यात, हे त्यानेच शिकवलं. आम्ही काम करता करता हसायचो. त्याच्या सोबतीत मला बरं वाटायचं — खरंच बरं वाटायचं. चार-पाच पावसाळ्यांनी वरच्या ओढ्यांतून खडस परत आले. पहिलं पिल्लू त्याने मला दाखवलं, माझा दंड धरून. तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, "देवाची कृपा."

तुकाराम जाऊन बरीच वर्षं झाली. कोंड आता माशांनी भरलेली आहे. देवळाच्या पायरीवर बसलं की मन निवांत होतं, माझंसुद्धा.

परवा मुंबईची काही मंडळी मासे बघायला आली होती. गुरवकाकांचा मुलगा त्यांना सांगत होता, पूर्वी इथे तुकाराम नावाच्या माणसाने विष घालून सगळे मासे मारले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "भाऊंनी डोळ्यांनी बघितलंय. होय ना, भाऊ?"

मी होय म्हणालो.