फौजदार काय म्हणाला?

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी शेवटी माझं लग्न झालं आणि मी सटाण्याहून मखमलाबादला आले. सासरी आम्ही चौघंच. नवरा कारखान्यात पाळीवर जायचा. सासूबाईंची घरामागे वीस गुंठ्यांत फुलं होती, झेंडू, शेवंती आणि बांधाला गुलाब. सासरे पोलिसातून जमादार म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांना गल्लीतले सगळे दादा म्हणत, म्हणून मीही दादाच म्हणायला लागले.

दादा म्हणजे फार मोजकं बोलणारा माणूस. तीस वर्षं पोलीस ठाण्यात काढली, पण घरात त्यांच्या तोंडून साधं 'गाढवा' कुणी ऐकलं नव्हतं. निवृत्तीनंतर त्यांना दिवस खायला उठला. फुलं तोडायला गेले की सासूबाई हाकलून देत. "कळ्या तोडताय तुम्ही! व्हा बाजूला."

मग माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या गल्लीत केबल आलं.

दुपारी चारला मी आणि सासूबाई पुढच्या खोलीत हार ओवायला बसायचो. पंचवटीतल्या दुकानांना संध्याकाळच्या आत हार पोचवावे लागत. दादा खुर्चीत बसून एकामागून एक चॅनल बदलत असत. एकदा एका इंग्रजी चॅनलवर त्यांचा हात थांबला. पडद्यावर एक मोठी खोली होती, टेबलांवर फाईलींचे ढीग, आणि मधोमध एक ढेरपोट्या माणूस टेबलावर मूठ आपटून ओरडत होता.

"हे पोलीस ठाणं आहे," दादा म्हणाले. "फाईली बघा कशा पडल्यात."

तो माणूस गुन्हे शोधणारा अधिकारी होता. कोपर फाटलेला स्वेटर, दाढी वाढलेली, खिशात उकडलेली अंडी. प्रेतापाशी उभा राहून अंडं सोलायचा. वरिष्ठांना, साक्षीदारांना, मेलेल्याच्या बायकोला, सगळ्यांना तोंडाला येईल ते बोलायचा. गाडीत बाटली लपवायचा. पण शेवटी खुनी मात्र तोच पकडायचा. आम्ही त्याला फौजदार म्हणायला लागलो.

"सूनबाई, तुझं इंग्रजीत बी.ए. झालंय ना?" दादांनी विचारलं. "काय म्हणाला तो?"

आता खरं सांगायचं तर सटाण्याच्या कॉलेजात आम्हाला इंग्रजी मराठीतूनच शिकवलं होतं. गोऱ्या माणसाचं भराभर बोलणं मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. निम्मं डोक्यावरून जायचं. आणि जे निम्मं कळायचं, ते सासऱ्यांसमोर उच्चारण्यासारखं नसायचं.

"तो म्हणाला... की साहेब, तुम्ही भोपळे आहात."

"भोपळे?"

"हो."

सासूबाईंनी सुई थांबवून माझ्याकडे पाहिलं. पडद्यावरचे साहेब लालेलाल झाले होते.

असं दोन-तीन महिने चाललं. सोमवार ते शुक्रवार, चार ते पाच. मी एकेक शिवी धुऊन, पिळून, वाळवून दादांना देत होते. भोपळा, दुधी, नंदीबैल, खुळा, बावळट. भाज्या संपल्या तेव्हा भांडी काढली. एकदा घाईत माझ्या तोंडून माहेरची भाषा निघून गेली, "तो कोडगा शे." तर सासूबाई दिवसभर मला "काय शे, काय शे" करून चिडवत होत्या.

सासूबाईंना खुनात रस नव्हता. त्यांना फौजदाराची बायको हवी असायची. ती त्याला सोडून गेलेली होती आणि अधूनमधून दारात येऊन त्याच्याकडे बघायची. "लय गुणाची बाई हाय," सासूबाई म्हणायच्या. "पण परत जाऊ नको गं बाई. आधी त्याला सुधरू दे."

एका दुपारी फौजदारानं कोर्टात एका वकिलाला असं काही ऐकवलं की तिथली टंकलेखन करणारी बाई उठून उभी राहिली. दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "तो म्हणतोय, वकीलसाहेब, तुम्ही फुटकं मडकं आहात."

दादांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग शांतपणे म्हणाले, "पोरी, मी तीस वर्षं ठाण्यात काढली. तो मडकं म्हणालेला नाही."

 सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला, पण हसू मावेना. त्यांच्या मांडीवरचा अर्धा ओवलेला हार घरंगळून जमिनीवर गेला. मग दादाही हसायला लागले. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, त्यांना असं खांदे हलवून हसताना मी पहिल्यांदा बघत होते.

"शब्द नको सांगूस," ते डोळे पुसत म्हणाले. "नुसतं सांग, आईवरची होती, बापावरची, की स्वतःवरची. पुढचं मी लावून घेईन."

तेव्हापासून तसं ठरलं. मी नुसतं "आई" म्हणायचे, ते मान डोलवायचे. "बाप." "हं." आमचं फार छान जमायला लागलं.

आणि मग तो भाग आला. फौजदाराचा एक मदतनीस होता, सडसडीत, कायम त्याच्या मागून फिरणारा, त्याच्या चुका निस्तरणारा. दारू प्यालेल्या फौजदारानं सगळ्यांदेखत त्याला काहीतरी बोलून दाखवलं. मदतनीसानं ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि निघून गेला.

"काय म्हणाला?" दादांनी विचारलं.

"आई," मी म्हणाले.

दादांनी मान डोलवली नाही. पुढं फौजदार त्या मदतनीसाच्या घरापर्यंत गेला. पायरीवर बसला. घंटीकडे बोट नेलं, मागं घेतलं, उठून चालू लागला. दादांनी उठून टीव्ही बंद केला आणि मळ्यात निघून गेले. सासूबाई सुईत दोरा ओवत राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "जा, चहा घेऊन जा त्यांना. आणि थांब तिथंच."

दादा विहिरीच्या कठड्यावर बसले होते. चहाचा कप हातात तसाच धरून त्यांनी मला सांगितलं ते असं.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी त्यांचे एक साहेब होते. हुशारी अशी, की चोरी झालेल्या घरात पाय ठेवला की चोर घरचा की बाहेरचा ते सांगत. एकदा एका देवळातला चांदीचा मुखवटा गेला होता. सगळे गावाबाहेरच्या टोळीच्या मागं होते. साहेबांनी मात्र देवळात जाऊन पुजाऱ्याची समई बघितली, तिच्यात तेल ताजं होतं. "चोरी झाल्यावर याला वात लावायचं भान कसं राहिलं?" एवढंच विचारलं आणि तासाभरात मुखवटा पुजाऱ्याच्या कणगीतून निघाला. पण तोंड असं, की वरचा अधिकारी असो की आमदार, कुणाला सोडायचं नाही. त्यामुळे वर्षाला बदली. आणि दारू. दादा त्यांची डायरी लिहायचे, त्यांना घरी पोचवायचे, वरून फोन आला तर "साहेब तपासावर आहेत" म्हणायचे.

"माझी आई गेली," दादा म्हणाले. "तेरावं करून मी कामावर हजर झालो. एक कागद सापडत नव्हता. साहेब प्यालेले. अख्ख्या ठाण्यासमोर मला आईवरून बोलले."

"मग?"

"मग काय. बदली मागून घेतली. पुन्हा त्यांच्याशी बोललो नाही."

 दादा विहिरीत बघत होते. मग म्हणाले, "ते आले होते गं नंतर. घरापर्यंत. मी खिडकीतून पाहिलं. दारासमोर उभे होते, चप्पल काढावी की नाही या विचारात. मी कडी काढली नाही."

साहेबांना पुढं मुदतीआधीच नोकरी सोडावी लागली आणि ते नांदगावला गेले, एवढंच दादांना माहीत होतं. आहेत की नाहीत तेही ठाऊक नव्हतं.

आत येऊन मी हे सासूबाईंना सांगितलं. त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं. "पंधरा वर्सं झाली, मी वाट बघतेय हे कधी बोलतात त्याची," त्या म्हणाल्या. "आता तू जा त्यांच्याबरोबर. एकटे गेले तर मनमाडहून माघारी येतील."

पुढच्याच आठवड्यात आम्ही नांदगावची एस.टी. धरली. दादांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि मनमाडला खरोखरच म्हणाले, "घरात नसले तर उगाच खेटा होईल." मी त्यांना केळी दिली आणि बसवून ठेवलं.

नांदगावात पहिल्याच टपरीवर पत्ता लागला. पानवाला म्हणाला, "गिरणीवाले साहेब ना? सरळ जा, आवाज येईल."

आवाज आलाच. पिठाच्या गिरणीचा आणि त्यावरून एका माणसाचा. इतक्या सणसणीत शिव्या मी अख्ख्या मालिकेत ऐकल्या नव्हत्या. दारात डबे घेऊन चार-पाच बायका उभ्या होत्या आणि कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. आत डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झालेला एक बारीक म्हातारा मोटारीच्या घसरत्या पट्ट्याला शिव्या देत होता. पट्टा बसला. तो वळला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "चला ताई, तुमचे गहू द्या."

मग त्याला दादा दिसले.

हातातला डबा त्यानं खाली ठेवला. गिरणी चालूच राहिली. वरचं धान्य संपून जात्याचा कोरडा खडखडाट सुरू झाला तरी त्याचं लक्ष नव्हतं. शेवटी एका बाईनंच पुढं होऊन बटण बंद केलं. एकदम शांतता झाली.

"जमादार," साहेब म्हणाले.

"साहेब," दादा म्हणाले, आणि सवयीनं त्यांच्या टाचा जुळल्या.

"मी तुमच्या आईबद्दल बोललो होतो."

"हो."

"त्या गेलेल्या होत्या, हे मला नंतर कळलं. पण खरं सांगू? माहीत असतं तरी मी त्या दिवशी बोललोच असतो. तसाच होतो मी. म्हणून तुमच्या दारात येऊन तोंड उघडेना."

दादा म्हणाले, "मी आत होतो, साहेब. मला तुम्ही दिसत होतात."

"ते मला माहीत होतं. पडदा हलला होता." साहेबांनी पिठाचे हात धोतराला पुसले. "एवढं तर कळतंच ना मला."

दोघंही रडले नाहीत, गळ्यात पडले नाहीत. साहेबांनी एका पोत्यावरचं पीठ झटकलं आणि दादांना बसायला दिलं. बायकांनी आपापले डबे ठेवून "उद्या येतो" म्हणत काढता पाय घेतला. साहेबांनी दारू सोडून नऊ वर्षं झाली होती. त्यांच्या पत्नीही घरात होत्या. त्या आतून पाणी घेऊन आल्या आणि दादांकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, किती उशीर केलात." त्या मध्यंतरी साहेबांना सोडून गेल्या होत्या आणि ते सुधारल्यावर परत आल्या होत्या. हे मी घरी जाऊन सांगितलं तेव्हा सासूबाईंनी जिंकल्यासारखी मांडी थोपटली.

"शिव्या मात्र सुटेनात," साहेबांनी जेवताना कबूल केलं. "मग ठरवलं, फक्त मशीनला द्यायच्या. तिला राग येत नाही."

दिवाळीनंतर साहेब आमच्याकडे मुक्कामाला आले. येताना बाजरीचं पीठ आणलं, स्वतः दळलेलं. दादांनी मोठ्या कौतुकानं त्यांना चार वाजता टीव्हीसमोर बसवलं. "तुमच्यासारखाच आहे," ते म्हणाले. मग घाईघाईनं, "म्हणजे हुशारीत."

साहेब ताठ बसून बघायला लागले. फौजदारानं तोंड उघडलं. दादांनी विचारलं, "काय म्हणाला?" आता मी सरावले होते, शिवाय मोटारीच्या पट्ट्याला दिलेल्या शिव्या याच माणसाच्या तोंडून ऐकल्या होत्या. मी विचार न करता जवळजवळ शब्दशः सांगून टाकलं.

साहेबांनी खुर्चीतून मागं वळून माझ्याकडे पाहिलं. चेहरा कमालीचा दुखावलेला.

"जमादार," ते म्हणाले, "ही काय भाषा? घरात लेकीसुना आहेत!"

सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून त्यांच्या हसण्याचा आवाज येत राहिला. दादांनी खाली मान घातली, त्यांचे खांदे हलत होते. साहेब मात्र गंभीर. त्यांनी दहा मिनिटं पडद्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "खून डॉक्टरनं केलाय. बाकी सगळे ओले आहेत, त्याची छत्री तेवढी कोरडी." फौजदाराला तेच कळायला पाऊण तास लागला.

"पितोय तो," साहेब म्हणाले. "पिऊन डोकं चालतं हे थोतांड आहे. मी न पिता आणखी दुप्पट चोर धरले असते." आणि मग हळूच म्हणाले, "माणसंही धरून ठेवली असती."

ती मालिका पुढच्या उन्हाळ्यात अचानक बंद झाली. केबलवाल्यानं तिथं क्रिकेटचं चॅनल लावलं. फौजदाराचं काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही आणि एव्हाना कुणाला फारशी चुटपुटही राहिली नव्हती. साहेब महिन्या-दीड महिन्यानं येतच होते. दोघं दिवसभर पुढच्या खोलीत जुनी प्रकरणं उकरत बसायचे, आम्ही हार ओवत ऐकायचो. मध्येच दादा एखाद्या जुन्या अधिकाऱ्याच्या नावानं चक्क "गाढव" म्हणून जायचे आणि माझ्याकडे बघून जीभ चावायचे.

एकदा साहेब नांदगावला परत निघाले. दादा त्यांना स्टँडवर सोडायला गेले, साध्या बंडीत, पायात रबरी चपला. दोन तास झाले, चार झाले. सासूबाईंचा जीव वरखाली व्हायला लागला. नवरा मोटारसायकल काढणार, तेवढ्यात शेजाऱ्यांकडे फोन आला. मी धावत गेले.

"सूनबाई, मी नांदगावहून बोलतोय," पलीकडून दादा म्हणाले. "ते मुखवट्याच्या प्रकरणाचं बोलणं अर्धंच राहिलं होतं. बस लागली, म्हणून मीही चढलो. हिला सांग, परवा येतो."

मागून गिरणीचा आवाज येत होता, आणि साहेब कुणाला तरी, बहुतेक पट्ट्याला, झाडत होते.