सगळा वर्ग एकदम बोलतो तेव्हा

आम्ही एका शाळेला दिलेले टॅब्लेट काढून दुसरीकडे द्यायचे, असं आमच्या साहेबांनी, अरोरा सरांनी, मीटिंगमध्ये जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं.

मोहालीतल्या आमच्या कंपनीचं ॲप तोंडी गणित शिकवतं. ॲप प्रश्न विचारतं, मूल बोलून उत्तर देतं. मुलांकडून काय आणि कोणत्या क्रमानं करून घ्यायचं, हे ठरवणारी मी लर्निंग डिझायनर. त्या शाळेतल्या तिसरीच्या वर्गाचा स्कोअर तळाला लोळत होता. सरांच्या मते बाईंनाच शिकवण्यात रस नव्हता. मला ते पटेना. आधी बघून येते, म्हटलं.

वर्गात त्या बाईंनी, कुलविंदर मॅडमनी, ॲप लावलं. त्यानं सात चोक विचारलं. सगळा वर्ग एका सुरात पंजाबीत अठ्ठावीस ओरडला, "अठाई!" ॲप म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. मुलं आणखी जोरात ओरडली. ॲप पुन्हा तेच. ते एका वेळी एकच आवाज ओळखायचं. बाकी सगळा त्याच्या लेखी गोंगाट. नाचता येईना अंगण वाकडं, तशी आमची गत.

मॅडमनी मग जसलीनला एकटीला उभं केलं. पोरीच्या तोंडून शब्द फुटेना. खाली बसून सगळ्यांबरोबर म्हणताना मात्र सगळ्यांत वरचा आवाज तिचाच. मला हसू आलं, वाईटही वाटलं. लहानपणी सांगलीला शाळेत आम्ही पाढे असेच म्हणायचो. चुकलं तरी गर्दीत खपायचं आणि म्हणता म्हणता पाठ व्हायचं.

निघताना मॅडम म्हणाल्या, "टॅब गए ना जी, तो बच्चे समझेंगे कमी उन्हीं में थी."

ते ऐकून मी पेटलेच. ऑफिसात आल्याआल्या सरांना सांगितलं, आधी सगळ्यांनी मिळून म्हणायचं, त्या फेरीला मार्क नाहीत. मग ॲपनं एकाचं नाव घ्यायचं.

"क्लायंट को हर बच्चे का रिपोर्ट चाहिए," सर म्हणाले.

"बच्चा बोलेगा ही नहीं, तो रिपोर्ट किसका भेजेंगे, सर?"

सर कुरकुरले, पण महिनाअखेरपर्यंत मुदत मिळाली. इंजिनिअर मंडळींच्या डोक्यावर बसून मी नवं व्हर्जन करून घेतलं आणि स्वतः शाळेत घेऊन गेले.

पाढा दणक्यात झाला. मग ॲपनं नेमकं जसलीनचं नाव घेतलं. वर्ग चिडीचूप. ती उठली नाही. शेजारणीची बाही धरून, बसल्या जागेवरून हळूच म्हणाली, "अठाई." ॲपनं बरोबर दिलं. अख्ख्या वर्गानं टाळ्या पिटल्या.

टॅब्लेट राहिले. मॅडमचा परवा फोन आला होता. आता पंजाबीच्या तासालाही, टॅब्लेट नसताना, मुलं कविता एकत्र म्हणतात आणि मग आपणहून गप्प होऊन एकाला म्हणू देतात. हे आम्ही शिकवलं नव्हतं. इकडे अरोरा सर प्रत्येक क्लायंटला 'हमारा कोरस फीचर' कौतुकानं दाखवतात. मी मान डोलावते.

आता स्कोअर घसरला की मी मुलांवर खापर फोडण्याआधी त्यांच्या वर्गात जाऊन बसते. प्रवासखर्चाचं बिल सर कुरकुरत का होईना, पास करतात.