बाईंना खरं सांगणारी खडूस

आमच्या वॉर्डात तिला सगळे खडूस म्हणायचे. तोंडावर सिस्टर, पाठीमागे खडूस. बावीस वर्षं नोकरी झालेली, पण कोणाशी गूळपीठ नाही. चहाच्या सुट्टीत आम्ही पोरी खिदळत बसायचो आणि ती कोपऱ्यात उभ्यानेच कप संपवून निघून जायची. लग्न केलेलं नव्हतं, भाऊ-वहिनीकडे राहायची. वहिनी एकदा रक्त तपासायला आली तेव्हा मला म्हणाली, "घरी तरी काय वेगळी आहे? मीठ हवं असेल तर बोट दाखवते." मेट्रनबाईंनी भिंतीवर 'रुग्णाशी हसून बोला' अशी पाटी लावली होती. त्या पाटीखाली खडूस उभी राहिली की आम्हाला हसू आवरत नसे.

मी तेव्हा नवी होते आणि मला मेट्रनबाईंच्या मर्जीत राहायचं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे.

सहा नंबरच्या खाटेवर एक म्हातारी होती. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली. साखरेच्या आजाराने पाय सडला आणि गुडघ्याखालून कापावा लागला. शुद्धीवर आल्यापासून तिने वॉर्ड डोक्यावर घेतला होता. जेवणाचं ताट भिरकावायची, सलाइनची सुई उपटायची. एकदा आयाबाईच्या दंडाला कडकडून चावली.

"आजी, असं करू नये हं. शहाण्या ना तुम्ही?" मी लाडीगोडी लावून पाहिली.

"कोणाची आजी गं मी?" ती किंचाळली. "तुझ्यासारख्या ढ पोरींना वर्गाबाहेर उभं केलंय मी. चालती हो!"

पाण्याचा पेला माझ्या कपाळावर बसला. दोन दिवस टेंगूळ घेऊन फिरले.

तिचा मुलगा रोज दुपारी यायचा. कडक इस्त्री, कानाला फोन. खाटेपासून चार हात लांब उभा राहून म्हणायचा, "आई, होईल सगळं नीट." ती भिंतीकडे तोंड फिरवायची. मग तो आमच्यावर डाफरायचा, "तुम्हाला एक म्हातारं माणूस सांभाळता येत नाही?" शेवटी मेट्रनबाई वैतागल्या. म्हणाल्या, "गुंगीचं इंजेक्शन चालू ठेवा आणि हात बांधा."

ते काम खडूसकडे आलं. तिने पट्ट्या आणल्या, खाटेजवळ स्टूल ओढलं आणि पट्ट्या मांडीवर ठेवून बसून राहिली.

"बांध की," म्हातारी म्हणाली. "मुहूर्त बघतेस काय?"

"बाई, राग कोणावर आहे तुमचा?"

'बाई' म्हटल्यावर म्हातारी चपापली. पस्तीस वर्षं ज्या नावाने ओळखली गेली, ते या खाटेवर आल्यापासून कोणी उच्चारलं नव्हतं. पण विरघळली वगैरे नाही. "तुझ्यावर. ऊठ इथून."

"उठते. ड्यूटी संपली की."

मग म्हातारीने तिच्या सात पिढ्यांची उजळणी केली. गणिताच्या बाईंना इतक्या शिव्या येत असतील असं आम्हाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. खडूसने तिला समजावलं नाही, हात कुरवाळला नाही. मध्ये उठून सलाइन बदलली आणि परत येऊन बसली. पाऊण तासाने शिव्या आटल्या. दुसऱ्या दिवशी तोच प्रकार. तिसऱ्या दिवशी मी शेजारच्या खाटेवर ड्रेसिंग करत होते, म्हणून पुढचं माझ्या कानांनी ऐकलं.

"मला म्हणाले, जखम साफ करायचीय. पंधरा मिनिटांचं काम," म्हातारी भिंतीकडे बघत बोलत होती. "डोळे उघडले तर पाय नाही. अगं, मला विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, कापा. पाय की जीव, एवढी वजाबाकी मला येत नाही?"

खडूस उठली आणि कपाटातून फाइल घेऊन आली. संमतीपत्र काढून म्हातारीच्या हातात दिलं. सही मुलाची होती. 'रुग्णास कल्पना दिली आहे' या ओळीसमोर बरोबरची खूण होती.

"तुम्हाला फसवलंय, बाई," ती म्हणाली. "मुलाने आणि आम्ही मिळून. तुम्हाला आत नेलं तेव्हा मी ड्यूटीवर होते. मला माहीत होतं. मी गप्प बसले."

म्हातारीने तिच्या थोबाडीत मारली. अंगात होती नव्हती तेवढी ताकद लावून. आणि मग रडायला लागली. छाती फुटेल की काय असं वाटावं इतकं. पाय गेल्यापासून पहिल्यांदा.

"रडा," खडूस म्हणाली. "पडदा ओढते."

मला तिने डोळ्यांनीच बाहेर काढलं. आत ती तासभर होती. त्या संध्याकाळी म्हातारी ताटातलं सगळं जेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "ड्रेसिंग करताना मला उठवून बसवा. काय उरलंय ते बघू दे."

दुपारी मुलगा आला तेव्हा तिने त्याला एकच प्रश्न विचारला. तो पांढराफटक पडला आणि तिथून तडक मेट्रनबाईंच्या खोलीत गेला. त्याचा आवाज जिन्यापर्यंत येत होता.

चौकशी लागली. परवानगीशिवाय कागद दाखवला, रुग्णाला भडकवलं. आमच्याकडून जबाब घेतले. मेट्रनबाईंनी सांगितलं तसं मी लिहून दिलं, 'सिस्टरचं रुग्णांशी वागणं उद्धट असतं.' माझ्या टेंगळाचा राग मी भलत्याच माणसावर काढला.

चौकशीच्या दिवशी म्हातारी हट्टाने चाकाच्या खुर्चीतून आली. "ही बाई मला आवडत नाही," ती चौकशीला बसलेल्या तिघा साहेबांना म्हणाली. "मख्ख आहे. पण या इमारतीत माझ्याशी खरं बोललेलं हे एकच माणूस. हिला शिक्षा करायची असेल तर आधी माझा पाय परत द्या."

"आई, तमाशा नको," मुलगा पुटपुटला.

"तू गप्प बस. तुझा निकाल अजून लागायचाय."

कोणाला काही फरक पडला नाही. खडूसची बदली तळघरात झाली. तिथे कात्र्या-चिमटे वाफेत घालायचे, कापडात बांधायचे, वर पाठवायचे. माणसाशी संबंध नाही. ज्या बाईला रडणाऱ्या माणसाजवळ बसता येत होतं, तिला आम्ही लोखंडाजवळ बसवलं.

म्हातारी मुलाकडे गेली नाही, बहिणीकडे राहिली. तिथून तिने इस्पितळाला पत्रं लिहायला सुरुवात केली. आलेलं उत्तर ती शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवायची. अकरावं पत्र आलं आणि संमतीपत्राचा नमुना बदलला. बोलता-समजता येणाऱ्या रुग्णाची स्वतःची सही आधी, घरच्यांची नंतर. त्या सुधारणेवर मेट्रनबाईंनी भाषण केलं, टाळ्याही मिळवल्या.

मग मी तळघरात गेले. ती कात्र्या पुसत होती.

"सिस्टर, माझं चुकलं."

"हो."

मी वाट पाहिली. ती पुढची कात्री पुसायला लागली.

"तुम्हाला राग आला असेल ना?"

"आलाय. अजून आहे." तिने मान वर केली. "तू मोकळी व्हायला आलीयस. ते मी करून देणार नाही. जा, तुझी ड्यूटी असेल."

सहा वर्षं ती तिथेच होती आणि तिथूनच निवृत्त झाली. निरोपसमारंभाला आली नाही. मधल्या काळात जिन्यात कधी समोर आली तर मी बाजूला व्हायचे, ती निघून जायची. तिने मला माफ केलं असं सांगता आलं असतं तर मलाही आवडलं असतं. तिने केलं नाही, आणि तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.