शनीच्या शेजारची जागा

शनी व्हायला सहावीतलं एकही पोर तयार नव्हतं. पृथ्वीसाठी भांडणं झाली, मंगळासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. शनीचं नाव काढलं की सगळे खाली बघायचे. शनिवारी मारुतीला तेल घालणाऱ्या घरांतली ती मुलं. त्यांना तरी काय बोलणार?

ही गोष्ट नव्वदच्या आसपासची. मी रावेर तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. नवरा धुळ्याला एसटीच्या डेपोत, मी इकडे. बदलीचा अर्ज दरवर्षी करायचा आणि वाट बघत बसायचं. शिकवण्याखेरीज मतदार याद्या, जनगणना, कुटुंब नियोजनाच्या केसेस, सगळं शिक्षकांच्याच गळ्यात असे. त्यात वार्षिक तपासणी आली. म्हणजे पंचायत समितीचे विस्तार अधिकारी एक दिवस येणार, शाळा बघणार आणि शेरा लिहून जाणार.

हेडमास्तर चौधरी सरांनी विज्ञान माझ्यावर टाकलं. सूर्यमालेचा तक्ता कसरीनं खाल्ला होता, म्हणून मी मैदानाचाच तक्ता करायचं ठरवलं. झेंड्याचा खांब म्हणजे सूर्य. त्याच्याभोवती पांढऱ्या फक्कीनं कक्षा आखल्या. कक्षा म्हणजे ग्रहाची सूर्याभोवती फिरायची ठरलेली वाट. तेव्हा पुस्तकात ग्रह नऊ होते. नऊ मुलांनी आपापल्या वाटेवर चालायचं आणि विचारलं की स्वतःची माहिती सांगायची, एवढंच काम होतं.

शेवटी संगीतानं हात वर केला. तिचे वडील देविदासभाऊ केळीचे घड ट्रकमध्ये भरायचे. बौद्ध कुटुंब, घरात शनीचा धाक नव्हता. पण तिनं हात वर केला तो कड्यासाठी, असं मला वाटतं. जुन्या टोपलीचा काठ काढून त्याला मी चंदेरी कागद गुंडाळला होता. ते कडं कमरेभोवती धरून ती इतकी सावकाश चालायची की बाकीचे ग्रह हसायचे. मी त्यांना सांगितलं, शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला एकोणतीस वर्षांहून जास्त लागतात. म्हणून जुन्या लोकांनी त्याला शनैश्चर म्हटलं. शनैश्चर म्हणजे हळू चालणारा. हळू चालणं हा काही गुन्हा नाही. मुलांना पटलं, असं मला तरी वाटलं.

गुरू झाला होता गिरीश, शाळा समितीच्या अध्यक्षांचा मुलगा. गुरू आणि शनी शेजारी शेजारी. सराव सुरू झाला आणि त्याच आठवड्यात गिरीश चालत्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढताना पडला. हात मोडला. ट्रॉलीला लोंबकळायची त्याची खोड सगळ्या गावाला ठाऊक होती. तरी दुसऱ्या दिवशी त्याची आजी वर्गाच्या दारात आली.

"बाई, त्या पोरीले तुम्ही शनी केलं, अन् आमच्या पोराले तिच्या जोळे उभं केलं. मंग दुसरं काय व्हईन?"

मी ट्रॉलीचं सांगून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि निघून गेल्या.

त्यानंतर बसकरपट्टीवर संगीताच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी पडू लागली. मुली सरकून बसायच्या. मी पुन्हा जवळ बसवायचे, माझी पाठ वळली की पुन्हा सरकायच्या. मधल्या सुट्टीत ती भिंतीकडे तोंड करून एकटी जेवायची. शनी हे निमित्त होतं. अंतर जुनंच होतं, त्याला आता सांगण्यासारखं कारण मिळालं होतं.

चौधरी सर वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त तपासणी सुखरूप पार पाडायची होती.

"बाई, शनी काढून टाका. आठ ग्रहांनी काय बिघडतं?"

"साहेबांनी विचारलं तर?"

"साहेब ग्रह मोजायला येत नाहीत."

मी नाही म्हटलं. फार हिंमत होती म्हणून नाही. शनी काढला असता तर संगीताला बाजूला काढल्यासारखं झालं असतं, आणि ते शाळेनंच केलं असतं.

शाळा सुटल्यावर मी गिरीशच्या घरी गेले. त्याच्या वडिलांनी, नानांनी, चहा दिला. त्यांना सगळं कळत होतं, पण आईपुढे बोलायची त्यांची तयारी नव्हती. गिरीश मैदानात येणार नाही, एवढं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. तिथून मी संगीताच्या घरी गेले. तिच्या आईनं सरळच विचारलं, पोरीला असं एकटं बसवायचं असेल तर शाळेत पाठवायची कशाला? भुसावळला मावशीकडे धाडते, घरकामाला तरी हातभार लागेल. देविदासभाऊ नुकतेच कामावरून आले होते. सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते.  ते मुलीकडे वळले.

"तुला काय करायचं?"

"मी उभी राहते," संगीता म्हणाली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "पण बाई, माझ्यासोबत डबा कोण खाईल?"

याचं उत्तर डी.एड.ला शिकवलेलं नसतं. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममधून माझा डबा उचलून तिच्याजवळ जाऊन बसू लागले. तिची लसणाची चटणी मी घ्यायचे, माझी भाजी ती घ्यायची. स्टाफरूममध्ये त्यावर बोलणं झालं. मी कानावर घेतलं नाही. त्या वर्षी मी इतकी दमलेली होते की भांडायलाही त्राण नव्हतं. काही दिवसांनी दोन मुली आपापले डबे घेऊन आमच्यात येऊन बसल्या. बाकीच्या लांबून बघत राहिल्या.

तपासणीच्या दिवशी साहेब दुपारी, जेवून आले. ऊन तापलं होतं. गुरूच्या जागी उभं राहायला कुणी तयार नव्हतं, म्हणून मीच उभी राहिले. सगळ्यांत मोठा ग्रह, तेव्हा माझ्या अंगलटीला ते शोभलंही. साहेब सावली सोडून पुढे आले नाहीत. तिथूनच त्यांनी विचारलं, कडं घातलेला तो कोण?

संगीता कडं धरून उभी होती. 

"मी शनी. सूर्यापासून सहावा. माझ्याभोवती कडी आहेत. मी हळू चालतो. मी माझ्या वाटेनं जातो, कुणाच्या वाटेला जात नाही."

शेवटचं वाक्य मी शिकवलेलं नव्हतं. चौधरी सरांनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, छान म्हणाले आणि जीपकडे वळले. शेरा आला तो असा: विद्यार्थ्यांचे पाठांतर समाधानकारक. फक्की जपून वापरावी.

वर्ष संपेपर्यंत संगीताच्या शेजारी त्या दोघीच बसल्या. तिसरी कुणी आली नाही. गिरीशचं प्लास्टर निघालं, तो पुन्हा ट्रॉलीला लोंबकळू लागला आणि त्याबद्दल शनीला कुणी काही म्हटलं नाही. संगीता भुसावळला गेली नाही. सातवी झाल्यावर ती रावेरच्या हायस्कूलला जाऊ लागली. त्यानंतर माझी बदली झाली.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी किती तरी वर्गांना ग्रह शिकवले. शनीला कडी असतात हे मुलांना एका तासात समजतं. शेजारी कोण बसलं म्हणून कुणाचा हात मोडत नाही, हे समजायला शाळेचं वर्ष पुरत नाही. आणि तपासणीत ते कुणी विचारतही नाही.