मारुतीपाशी बदललेले बूट

वाचनालयाच्या मंडळींनो, पाय गरम पाण्यात ठेवून हा कागद लिहितो आहे. संध्याकाळी फळ्यावर लावीन.

आज सकाळी दवाखान्याच्या मदतीसाठी तामसीच्या माळावर धावण्याची शर्यत झाली. निघालेले सगळे पोचले, तर एक व्यापारी दवाखान्याला पाण्याची टाकी देणार होते. म्हणून सगळ्यांच्या शेवटी धावून कोणाला मागे राहू न देण्याचं काम मी घेतलं.

वाटेत मारुती लागला. बूट घालून त्याच्यापुढून कोण जाणार? सगळ्यांनी बूट काढले, नमस्कार केला आणि हाती येतील ते चढवून पळाले. मी वळलो तर दोनच बूट उरलेले, दोन्ही डाव्या पायाचे.

अनवाणी निघालो आणि खडे टोचून लगेच बसलो. पुढे भाजीवाल्या सखुमावशी अनवाणीच धावत होत्या. त्या मागे फिरल्या.

"काऊन बसले, भाऊ?"

"मावशी, तुमी व्हा पुढं."

"अन् टाकी? निघालेल्यांत तुमी नाई का? उठा, माह्या मागं मागं पाय टाका!"

गवताच्या कडेकडेने त्यांनी मला आणलं. टाकी मिळाली!

सर्वांना पोचवायला निघताना मी स्वतःला मोजलंच नव्हतं. मावशींना देवानेच वळवलं, असं मी मानतो. तुम्हाला असं कोणी पोचवलं आहे का? लिहायला खाली जागा सोडली आहे.