सात नंबरचा अर्ज आणि निळा फायटर

श्री. नृसिंह विष्णुपंत मुळे. वय अठ्ठावन्न. राहणार राहाता. हुद्दा : कालवा निरीक्षक, सेवानिवृत्त. ओळखीची खूण : खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल, लाल अजून सुकलेलं नाही. अधिकारक्षेत्र, पूर्वी : एकोणीस गावांचं भिजणारं शिवार. अधिकारक्षेत्र, सध्या : वीस लिटर.

हे वीस लिटर त्यांना मिळाले ते पत्नीमुळे. निवृत्त झाल्यावर नृसिंहराव घरातल्या नळावर लक्ष ठेवू लागले. भांड्यांना किती पाणी गेलं, तांदूळ किती वेळा धुतले, यावर तोंडी शेरे सुरू झाले. चौथ्या महिन्यात प्रेमलाबाई म्हणाल्या, "अहो, पाण्यावर पहाराच द्यायचा असेल, तर स्वतःचं पाणी आणा."

म्हणून ते स्टँडमागच्या अजिनाथच्या दुकानात गेले. पोपटाचे पिंजरे, कुत्र्यांचे पट्टे आणि शोभेचे मासे असा त्याचा संसार. अजिनाथने साहेबांना लांबूनच ओळखलं. त्याच्या वडिलांचं रान कालव्याच्या चारीच्या पार शेवटाला. पाणी हवं तर सात नंबरचा अर्ज भरायचा, आणि त्यात एखादी सही हमखास राहायची. "पुढच्या पाळीला बघू," हे मुळेसाहेबांचं वाक्य त्या घरात म्हणीसारखं रुळलं होतं. पोरांनी नव्या चपला मागितल्या तरी हेच उत्तर मिळे.

"फायटर न्या साहेब. एकच न्या. दोन ठिवले तर बांधाला बांध असल्यावानी भांडत्यात."

पण मासा लगेच मिळाला नाही. आधी टाकी भरायची, स्पंजचा फिल्टर चालू करायचा, पंधरा दिवस पाणी मुरू द्यायचं आणि बिनमाशाच्या टाकीत रोज माशाच्या खाण्याचे दोन दाणे टाकायचे. गैरहजर लाभार्थ्याला रोजचा शिधा. नृसिंहरावांना ही पद्धत ओळखीची वाटली. त्यांनी ती तंतोतंत पाळली.

सोळाव्या दिवशी मासा आला. निळा, शेपूट पैठणीच्या पदरासारखी. नृसिंहरावांनी खुर्ची टाकीसमोर ओढली आणि शेजारच्यांशी बोलतानाही मान तिकडे ठेवू लागले. फार दिवसांनी कोणीतरी त्यांच्या पाण्यावर अवलंबून होतं.

मासा मात्र दर थोड्या वेळाने वर यायचा, तोंड बाहेर काढायचा आणि खाली जायचा. ही तक्रार आहे, हे कळायला चौतीस वर्षांची नोकरी पुरेशी होती. पाणी साचलंय. अजिनाथ म्हणाला होता, आठवड्याला चौथाई बदला. पण चौथाई म्हणजे काय? कालव्याचं आवर्तन सुटतं ते पूर्ण सुटतं. आठव्या दिवशी त्यांनी मासा पातेल्यात ठेवला, टाकी पार उपसली, स्पंज नळाखाली पांढरा होईतो घासला आणि नगरपालिकेचं ताजं पाणी काठोकाठ भरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासा तळाशी पडून होता. शेपूट मिटलेली, रंग धुतल्या लुगड्यासारखा. पिकं वाळल्याचे कितीक अर्ज नृसिंहरावांनी शांतपणे फायलीला लावले होते. आज ते चहा न घेता निघाले.

"अजिनाथ, तो वरही येत नाही रे. जाईल का?"

सगळं ऐकून अजिनाथने हातातला पिंजरा खाली ठेवला. "साहेब, सात नंबरचा अर्ज आनलाय का?"

नृसिंहरावांचा हात सवयीने खिशातल्या पेनांकडे गेला.

"न्हाई? मग पुढच्या पाळीला बगू."

"अरे, तो मरेल तोवर!"

"आमचा कांदाबी असंच म्हनायचा." असं म्हणत अजिनाथने मागच्या जुन्या टाकीतला काळपट, बुळबुळीत स्पंज काढला, पिशवीत पाण्यासकट घातला आणि वर एक छोटी बाटली दिली. "नळाच्या पान्यात जंतू मारायची पावडर असती, त्यावर हे थेंब. अन् ही घान लई जपा. ह्यातले जंतूच पानी राखत्यात. तुमी सगळे धुऊन काढले. वर येतुय तो हवा घ्यायला, जात हाय तशी त्याची. तक्रार न्हाई."

घरी प्रेमलाबाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि सगळं ऐकलं. "म्हणजे विरजण घासून टाकलंत होय!"

"विरजण?"

"मग काय! द्या इकडे. या घरात दही कोण लावतं?"

त्यांनी स्पंज फिल्टरला बसवला, थेंब घातलेल्या बादलीतून रोज चौथाई पाणी अलगद बदललं. नृसिंहराव मोजमापाचं भांडं धरून उभे राहिले. त्यांना कोणी काही विचारलं नाही.

चौथ्या दिवशी मासा वर आला, तोंड काढलं, खाली गेला. नृसिंहरावांनी इतक्या आनंदाने आजवर कोणतीच तक्रार स्वीकारली नव्हती. आठवड्याने पाण्यावर कोपऱ्यात फेस दिसला, तेव्हा त्यांनी गाळणं उचललं, पण या वेळी आधी फोन केला.

"घर बांधलंय त्यानं," अजिनाथ म्हणाला. "अतिक्रमन समजून पाडू नका."

आता टाकीवर कागद चिकटवलेला आहे, लाल शाईत. 'टाकी क्र. १. आवर्तन : दर रविवारी, चौथाई. स्पंज नळाखाली धुण्यास सक्त मनाई. पाणी सोडण्याचे सर्व अधिकार निम्नस्वाक्षरीकाराकडे राखीव. नृ. वि. मुळे, कालवा निरीक्षक (से. नि.).'

पाणी प्रेमलाबाई बदलतात.